न्यायाधीशाच्या वैयक्तिक पार्श्वभूमीचा निकालावर परिणाम होतो का?

तुमचा प्रश्न असा आहे की कायदा एकच असताना न्यायाधीश कोण याने फरक का पडावा, आणि पडत असेल तर तो पक्षपातच नव्हे का. मी वकिली करतो. नवं प्रकरण लागलं की आमच्यात पहिली चौकशी 'कलम कुठलं' ही नसते, 'कुणाच्या बोर्डावर आहे', म्हणजे कोणत्या न्यायाधीशासमोर आहे, ही असते. म्हणजे फरक पडतो. पण सगळीकडे नाही.

अपिलाची मुदत संपली की नाही हे मोजायला कॅलेंडर पुरतं. उशीर माफ करण्याइतकं 'पुरेसं कारण' होतं का, हे मात्र कॅलेंडरात नसतं. एका कागदासाठी दोन दिवसांची मजुरी बुडवणं म्हणजे काय, हे ज्याने घरात पाहिलंय त्याला ते कारण पटतं. दुसऱ्याला तोच निष्काळजीपणा दिसतो. दोघेही प्रामाणिक असतात! 'पुरेसं', 'वाजवी', 'सद्हेतूने' अशा शब्दांतून न्यायाधीशाचं आयुष्य निकालात शिरतं.

अमेरिकेत २००९ साली एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. वेदनाशामक गोळ्या लपवल्याच्या संशयावरून १३ वर्षांच्या मुलीला शाळेत अंतर्वस्त्रांपर्यंत कपडे उतरवायला लावले होते. सुनावणीत काही पुरुष न्यायमूर्तींना यात एवढं काय, असं वाटल्यासारखं दिसलं. रूथ बेडर गिन्सबर्ग तेव्हा तिथल्या एकमेव महिला न्यायमूर्ती. हे सहकारी कधी १३ वर्षांची मुलगी नव्हते, असं त्यांनी निकालाआधीच एका मुलाखतीत सांगून टाकलं. झडती बेकायदा ठरली, ८ विरुद्ध १. त्यांच्यामुळेच मतं वळली असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण तिथल्याच अपिलीय न्यायालयांच्या २०१० च्या एका अभ्यासात दिसलं की लिंगभेदाच्या दाव्यांत पीठावर एक महिला असली की सोबतचे पुरुष न्यायाधीशही फिर्यादीच्या बाजूने जास्त वेळा निकाल देतात. कायद्याच्या इतर बहुतेक क्षेत्रांत असा फरक नव्हता.

म्हणून मी याला पक्षपात म्हणत नाही. पक्षपाती माणूस निकाल आधी ठरवतो आणि कारणं मागाहून शोधतो. इथे एखादी गोष्ट डोक्यात येतच नाही.

उलटी उदाहरणंही आहेत. आणीबाणीत नागरिकांचे हक्क निलंबित मानणाऱ्या १९७६ च्या बहुमतात न्या. यशवंत चंद्रचूड होते. तो निकाल २०१७ साली चुकीचा ठरवणाऱ्या पीठात त्यांचेच चिरंजीव धनंजय होते. त्यामुळे घराणं बघून भाकित करू नका, आपटाल.

मला सर्वांत बोलकी वाटते ती दोन न्यायाधीशांची जोडी. १९८६ साली अमेरिकेत समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारा कायदा ५ विरुद्ध ४ ने टिकला. निर्णायक मत लुईस पॉवेल यांचं. 'मी आयुष्यात कुणी समलैंगिक माणूस पाहिलेला नाही,' असं ते आपल्या क्लार्कला, म्हणजे कामात मदत करणाऱ्या तरुण वकिलाला, म्हणाले. तो क्लार्क स्वतः समलैंगिक होता. तो गप्प राहिला. १९९० साली पॉवेल यांनी आपली बहुधा चूक झाली असं कबूल केलं.

जोडीतले दुसरे मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. आनंद वेंकटेश. त्यांच्यासमोर २०२१ मध्ये एका समलैंगिक जोडप्याची संरक्षणासाठी याचिका आली. या विषयात आपले पूर्वग्रह आहेत, हे त्यांनी उघड मान्य केलं. मग मानसशास्त्रज्ञाची वेळ घेतली, तिच्यासमोर विद्यार्थ्यासारखे बसले, आणि त्यानंतर निकाल लिहायला घेतला.