मिस्टरांचे आजी-आजोबा आयर्लंडचे होते, फक्त नावं आणि "मेयो" एवढंच माहीत आहे. त्यांचं गाव कसं शोधायचं? आणि त्यावरून आयरिश पासपोर्ट मिळेल का?

तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसले, कारण पाच वर्षांपूर्वी मी अगदी ह्याच जागी अडकले होते. मिस्टरांचे आजी-आजोबा १९३० च्या आसपास आयर्लंडमधून इंग्लंडला आले, दोघांची नावं आहेत, "मेयो" (आयर्लंडची एक काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) हा एक शब्द आहे आणि साइटवर नाव टाकलं की त्याच नावाची शेकडो माणसं येतात, बरोबर? मी मूळची सांगलीची, लग्नानंतर लीड्सला आले, आणि माझ्या सासूबाईंचे आई-वडील दोघंही मेयोचे. माझ्या माहेरची पिढ्यान्‌पिढ्यांची नावं नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या चोपडीत सापडली होती आणि सासूबाईंच्या बाजूला मात्र दोन नावं आणि त्यापुढे कोरं पान. ते मला फार लागलं, म्हणून सुरुवात केली.

पहिली गोष्ट, आयर्लंडच्या रेकॉर्डमध्ये इतक्यात शिरू नका. आधी इंग्लंडमधले कागद संपवा. मेयोत एकेका आडनावाची घरंच्या घरं आहेत, आणि नावं ठेवायची रीत आपल्यासारखीच, पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, पहिल्या मुलीला आईच्या आईचं. म्हणजे एका आजोबाला पाच मुलगे असतील तर त्याच नावाचे, साधारण त्याच वयाचे, त्याच भागातले पाच चुलतभाऊ निघतात. नुसत्या नावावरून तुम्ही कधीच खात्रीने सांगू शकणार नाही की हा आपला. तुम्हाला हवंय ते टाऊनलँडचं नाव. टाऊनलँड म्हणजे तिकडचा जमिनीचा सगळ्यात लहान एकक, आपल्या वाडीसारखा म्हणा, कधीकधी जेमतेम पाच-सहा घरांचा, आणि अख्ख्या बेटावर असे साठ हजारांहून जास्त आहेत. हे नाव एकदा मिळालं की बाकीचं सगळं भराभर उलगडत जातं.

ते नाव मिळतं कुठून? इंग्लंडच्या लग्नाच्या सरकारी दाखल्यावर वडिलांचं नाव आणि धंदा असतो, जन्मगाव नसतं, त्यामुळे बरेच जण तिथेच थांबतात. पण तुमच्या मिस्टरांचे आजी-आजोबा कॅथलिक असतील तर लग्न ज्या चर्चमध्ये झालं तिथे विचारा. चर्चला लग्नाआधी बाप्तिस्म्याचा पुरावा लागायचा, त्यामुळे बाप्तिस्मा कुठल्या पॅरिशमध्ये (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग) झाला ते तिथल्या कागदात असू शकतं. आमच्याकडे होतं. दुसरं, घरातली जुनी प्रार्थनेची पुस्तकं उघडून बघा. आयरिश घरांत कोणी गेलं की छोटी स्मृतिकार्डं छापायची पद्धत, फोटो, तारीख आणि खाली गावाचं नाव, आणि ती कार्डं ह्या पुस्तकांच्या पानांत ठेवलेली असतात. सासूबाईंच्या आईच्या पुस्तकात अशी सात निघाली, त्यातल्या दोनवर टाऊनलँड होतं. सासूबाई म्हणाल्या, हे पुस्तक मी पन्नास वर्षं कपाटात बघतेय, आत काय आहे ते कधी बघितलंच नाही. तिसरं, १९३९ चं रजिस्टर. युद्ध सुरू झाल्यावर २९ सप्टेंबर १९३९ ला इंग्लंड-वेल्समध्ये घरोघरी नोंद केली होती, त्यात पूर्ण जन्मतारीख आहे, फक्त तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, का ते खाली सांगते.

आता आयर्लंड. तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल की तिकडचं सगळं जळालं, काही मिळणार नाही. अर्धवट खरं आहे. १९२२ मध्ये यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं रेकॉर्ड ऑफिस जळालं आणि एकोणिसाव्या शतकातल्या जुन्या जनगणना, मृत्युपत्रं, प्रोटेस्टंट चर्चची अर्ध्याहून जास्त रजिस्टरं गेली, नंतरच्या काही जनगणना तर सरकारनेच त्याआधी नष्ट केल्या होत्या. पण जन्म-मृत्यू-लग्नाच्या सरकारी नोंदी आणि कॅथलिक पॅरिशची रजिस्टरं तिथे नव्हतीच, ती शाबूत आहेत. म्हणजे तुमच्या कामाचं जवळजवळ सगळं आहे, आणि बरंचसं फुकट आहे.

जन्म, मृत्यू आणि कॅथलिक लग्नांची सरकारी नोंद १८६४ पासून सुरू झाली, प्रोटेस्टंट लग्नांची १८४५ पासून. आयरिश जीनिऑलॉजी डॉट आयई ही सरकारी साइट, तिथे शंभर वर्षांपूर्वीचे जन्म, पंचाहत्तर वर्षांपूर्वीची लग्नं आणि पन्नास वर्षांपूर्वीचे मृत्यू मूळ पानाच्या फोटोसकट बघता येतात, पैसे नाहीत. जन्माच्या पानावर आईचं माहेरचं नाव असतं, आणि माझ्या मते हाच सगळ्यात भरवशाचा धागा, कारण वडिलांच्या नावाची माणसं ढिगाने सापडतील पण नवरा आणि बायकोच्या माहेरचं नाव ही जोडी क्वचितच दुसरी निघते. आडनाव शोधताना "ओ" लावून आणि न लावून, दोन्ही बघा, रायली आणि ओ'रायली एकाच भावंडांत सापडतात.

माझी चूक इथे झाली. सासूबाईंच्या वडिलांचा वाढदिवस घरात १७ मार्चला, सेंट पॅट्रिक डेला करायचे, १९३९ च्या रजिस्टरमध्येही १७ मार्च १९०८. आणि मला सापडलेल्या जन्मनोंदीत तारीख २ एप्रिल. मी म्हटलं हा आपला नव्हे, दाखला बाजूला ठेवला आणि दुसऱ्याच एका माणसाच्या मागे दोन महिने घालवले, त्याचे आईबाप, भावंडं, सगळी मांडणी केली आणि सासूबाईंना दाखवलीसुद्धा. मग पॅरिशला पत्र पाठवलं, तिथून बाप्तिस्म्याचा उतारा आला, बाप्तिस्मा ११ मार्चला! जन्माच्या सरकारी तारखेच्या तीन आठवडे आधी. तेव्हा वाचून कळलं की हे तिकडे सर्रास व्हायचं. बाळाचा बाप्तिस्मा लगेच उरकायचे, सरकारी नोंद करायला मात्र बाजाराच्या गावी जावं लागायचं, मुदत उलटली तर दंड, म्हणून जन्मतारीखच पुढची सांगायचे. आणि सणाचा दिवस लक्षात ठेवायला सोपा म्हणून वाढदिवस त्या दिवशी. म्हणून म्हणते, तारीख दोन-चार आठवडे इकडेतिकडे असली तर माणूस सोडून देऊ नका, वयात दोन-तीन वर्षांचा फरक असला तरीही.

त्या उताऱ्यावर समासात आणखी एक ओळ होती, "विवाह, लीड्स, १९३६". १९०८ पासून चर्चचा नियम असा आला की लग्न जगात कुठेही झालं तरी ते बाप्तिस्म्याच्या पॅरिशला कळवायचं आणि तिथल्या रजिस्टरमध्ये त्या बाळाच्या नावापुढे लिहायचं. त्या एका ओळीने शंका मिटली. तुमच्या बाबतीतही ही ओळ असायची बरीच शक्यता आहे, तेव्हा पॅरिश ऑफिसला लिहिताना समासातली टीपही कळवा असं आवर्जून लिहा, थोडी देणगी पाठवा आणि उत्तराला दोन-तीन महिने द्या. नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडच्या साइटवर पॅरिश रजिस्टरांचे फोटो फुकट आहेत पण साधारण १८८० पर्यंतचेच, ते आजोबांच्या आजोबांसाठी कामाला येतील. नावं लॅटिनमध्ये असतात, जेम्सचं जाकोबुस, विल्यमचं गुलिएल्मुस, नोराचं होनोरिया, दोन-चार पानं वाचली की डोळा बसतो.

आणि १९०१ आणि १९११ ची जनगणना. ह्याबद्दल मी कितीही बोलू शकते. दोन्ही पूर्ण आहेत, नॅशनल आर्काइव्ह्जच्या साइटवर फुकट आहेत, आणि घरात भरलेला मूळ फॉर्म दिसतो. तुमच्या मिस्टरांचे आजी-आजोबा १९११ मध्ये लहान मुलं म्हणून त्यात असू शकतील. नंतर जन्मले असतील तर आईवडील आणि मोठी भावंडं सापडतील. १९२१ ला स्वातंत्र्ययुद्धामुळे जनगणना झालीच नाही, त्यानंतरची १९२६ ची, तिला शंभर वर्षांचा नियम असल्यामुळे ती खुली करायला एप्रिल २०२६ ही तारीख ठरलेली.

आमच्या १९११ च्या फॉर्मवर सासूबाईंच्या आजोबांची सही नाही, फुलीची खूण आहे, शेजारी पोलिसाची साक्ष, कारण जनगणना पोलीसच करायचे. आजीच्या नावापुढे "लिहिता-वाचता येतं". घरातल्या म्हाताऱ्या पणजीपुढे भाषेच्या रकान्यात फक्त "आयरिश", तिच्या मुला-सुनेपुढे "आयरिश आणि इंग्लिश", आणि सासूबाईंचे वडील, तीन वर्षांचे, त्यांचा रकाना कोरा. आपल्या घरात एक अख्खी भाषा होती हे सासूबाईंना पंचाहत्तराव्या वर्षी कळलं. १९११ च्या फॉर्ममध्ये लग्न झालेल्या बाईला विचारलेलं, लग्नाला किती वर्षं, मुलं किती झाली, जगली किती. त्यांच्या आजीचं उत्तर, चौदा, नऊ, सहा. त्या तीन मुलांबद्दल घरात कोणी कधीच बोललं नव्हतं. मी नंतर मृत्यूच्या नोंदी काढल्या, तिन्ही मुलं मिळाली, आणि सासूबाईंनी त्यांची नावं वहीत लिहून घेतली. हे सांगते कारण असं काही निघालं तर मिस्टरांना मेसेजवर पाठवू नका, शेजारी बसून दाखवा.

बहुतेक लोक कुटुंबाचा फॉर्म बघून साइट बंद करतात. मागे अजून दोन फॉर्म असतात, घराचा आणि गोठ्याचा, तेही उघडा. दोन खोल्या, समोर दोन खिडक्या, गवताने शाकारलेलं छप्पर, एक गोठा, एक डुकरांचा खोपा, सगळं त्यात आहे. आणि वयाचं बघून गोंधळू नका, आमची पणजी १९०१ मध्ये ५८ आणि १९११ मध्ये ७२! १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना पेन्शन मिळायला लागली होती, जन्माचा दाखला कोणाकडेच नाही, त्यामुळे दहा वर्षांत चौदा वर्षांनी म्हातारे झालेले लोक पानोपानी दिसतात.

जागेची नावं हा एक वेगळाच घोळ आहे. logainm.ie नावाची सरकारी साइट आहे, तिथे नावांचे आयरिश मूळ शब्द मिळतात, "नॉक" म्हणजे टेकडी, "किल" बहुतेकदा चर्च, "बॅली" म्हणजे गाव, आणि आपल्याकडे जसं खुर्द आणि बुद्रुक तसं तिकडे "बेग" आणि "मोर", लहान आणि मोठं. बेगच्या जागी मोर धरलंत तर शेजारच्या गावात शोधत बसाल. काउंटीच्या हद्दीही हलल्यात, बॅलाहाडेरीन हे गाव १८९८ पर्यंत मेयोत होतं, नंतर रॉसकॉमनमध्ये गेलं, म्हणजे घरचे "मेयो" म्हणतील आणि कागद रॉसकॉमनमध्ये निघेल.

टाऊनलँड नक्की झालं की ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन बघा, १८४७ ते १८६४ मध्ये झालेली जमिनीची आकारणी, नकाशासकट फुकट आहे, कोणाकडे कुठला तुकडा ते कळतं. त्यानंतरच्या बदलांच्या वह्या डब्लिनला आहेत, प्रत्येक वेळी वेगळ्या रंगाच्या शाईने जुनं नाव खोडून नवं लिहिलेलं, सरळ आपल्या फेरफारासारखं. त्या वह्यांवरून घर बापाकडून कोणाकडे गेलं, कोणी विकलं, कधी रिकामं झालं इथपर्यंत येता येतं.

पासपोर्टचं तुम्ही शेवटी विचारलंय. आजी किंवा आजोबा आयर्लंडच्या बेटावर जन्मले असतील तर तुमच्या मिस्टरांना फॉरेन बर्थ्स रजिस्टरमध्ये (परदेशात जन्मलेल्या वंशजांची नोंदवही) नाव नोंदवून आयरिश नागरिक होता येतं आणि मग पासपोर्ट मागता येतो, त्यासाठी आजी-आजोबांचा जन्माचा सरकारी दाखला लागतो, साइटवरच्या फोटोची प्रिंट चालत नाही. पण मुलांना हा हक्क मिस्टरांची नोंदणी झाल्यानंतर जन्मली असतील तरच मिळतो, आधी जन्मलेल्यांना ह्या वाटेने नाही. त्यामुळे पुढे अजून मूल होण्याचा विचार असेल तर नोंदणी लांबवू नका.

आम्ही गेल्या वर्षी सासूबाईंना घेऊन तिकडे गेलो. घराच्या भिंती उभ्या आहेत, छप्पर नाही, समोरच्या दोन खिडक्या मात्र तशाच, फॉर्मवर लिहिल्याप्रमाणे. रस्त्यावरून एक म्हातारे गृहस्थ कुत्रा घेऊन चालले होते, ते थांबले आणि त्यांनी विचारलं ते मराठीत सांगायचं तर अगदी "तुम्ही कुणाच्यातले?" सासूबाईंनी स्वतःचं नाव नाही सांगितलं, आजोबांचं सांगितलं. ते म्हणाले, अच्छा, म्हणजे इंग्लंडला गेलेल्याची मुलगी. आणि मग आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात संध्याकाळपर्यंत बसलो.

तुमच्या सासूबाई किंवा सासरे, ज्यांच्या बाजूचे हे आजी-आजोबा आहेत ते, हयात असतील तर आजच फोन करून लग्न कुठल्या चर्चमध्ये झालं एवढं विचारा. चर्च आणि साल कळलं की इथे लिहा, पॅरिशला काय आणि कसं विचारायचं ते पत्र मी तुम्हाला लिहून देते.