लेक श्वास धरून ठेवते तेव्हा

"मॅडम, एकदा पाण्यात घातली की जाईल ना हो तिची भीती?"

सुट्ट्या जवळ आल्या की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. कधी पाण्याऐवजी सायकल असते, कधी स्टेज. या वेळी विचारणारी आई सोलापूरच्या पूर्व भागातली होती. घरचा टेरी टॉवेलचा कारखाना, लेक नऊ वर्षांची. मागच्या दिवाळीत तारकर्लीला स्नॉर्कलिंग करताना, म्हणजे मास्क आणि नळी लावून पाण्यात तोंड घालून बघताना, पोरीच्या मास्कमध्ये पाणी शिरलं, नाकातोंडात गेलं. तेव्हापासून न्हाताना डोक्यावर तांब्या घ्यायलाही ती नको म्हणायची. आणि यंदा वडिलांनी थेट समुद्रातल्या स्कूबाचे, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरण्याचे, पैसे भरून टाकले होते.

वडील मोहोळकडच्या विहिरीत पोहायला शिकलेले. पाठीला पत्र्याचा डबा बांधला आणि चुलत्यांनी मागून ढकललं. "आलंच की ओ आम्हाला पोहायला," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात लेकीबद्दल राग नव्हता. ती मागे राहील, याची धास्ती होती.

मी मुलीला त्या दिवसाबद्दल विचारलं. सांगता सांगता तिचे खांदे वर चढले, गाल फुगले. "मी श्वास गच्च धरून ठेवला होता," ती म्हणाली. तेवढ्या आठवणीनेही तिने माझ्यासमोर पुन्हा श्वास धरला.

तिथेच मी थांबले. विहिरीत बुडी मारताना आपण छातीत भरून नेतो ती वरची हवा, त्यामुळे श्वास धरला तरी वर येताना इजा होत नाही. टाकीतली हवा मात्र आपण घेतो ती त्या खोलीवरच्या पाण्याच्या दाबाने. वर येताना दाब कमी होतो आणि हवा फुगते. दहा मीटरवर छातीभर घेतलेली हवा पृष्ठभागापर्यंत दुप्पट जागा मागते. तोंड मिटलेलं असेल तर ती फुप्फुस फाडू शकते. यासाठी खोल समुद्र लागत नाही, सव्वा मीटर पाणीही पुरतं. म्हणूनच स्कूबाचा पहिला नियम आहे, श्वास कधीही धरायचा नाही. आणि घाबरलेलं मूल नेमकं तेच करतं.

वडिलांना मी एवढंच सांगितलं, "दादा, हिला ढकललंत तर ही श्वास धरणार, आणि तसाच धरून वर धावणार." ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

वयाचाही मुद्दा होता. स्कूबा शिकवणाऱ्या पॅडी या संस्थेच्या नियमांत आठ वर्षांच्या मुलांना दोन मीटरपर्यंतच्या पाण्यात पहिली ओळख करून देतात. खुल्या पाण्यातल्या प्रशिक्षणासाठी किमान दहा वर्षं पूर्ण लागतात. समुद्र यंदा नको, यावर आईवडिलांचं एकमत व्हायला दोन भेटी लागल्या. भरलेले पैसे हा त्यातला मोठा अडथळा होता, तो मी हलका मानत नाही.

आधी डॉक्टरांकडून दमा, छाती आणि कान तपासून घेतले. सर्दी असेल त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही, हे पक्कं ठरलं, कारण नाक चोंदलं की कानातला दाब सुटत नाही आणि मुलांची कानाची नळी आधीच अरुंद असते.

मग सुरुवात घरातच केली. मास्क लावून टीव्ही बघायचा, तोंडाने श्वास घ्यायचा आणि सोडायचा. मग बादलीत तोंड घालून "ऊंऽऽ" करत बुडबुडे काढायचे. टाकीतली हवा तोंडात देणारा रेग्युलेटर तोंडातून निघाला तर हेच करायचं असतं. आठवडाभर रोज दहा मिनिटं. चौथ्या दिवशी ती स्वतःहून डोक्यावरून न्हाली, असा आईचा फोन आला. मला सगळ्यात जास्त आनंद झाला तो त्या फोनने.

मग पोहण्याच्या तलावात टाकी घेऊन सराव: पाणी तिच्या छातीपर्यंत, पाय टेकलेले, प्रशिक्षक हाताच्या अंतरावर. प्रशिक्षकाने तिला एकच अधिकार दिला: अंगठा वर केला की लगेच वर, कुणी कारण विचारणार नाही. पहिल्या दिवशी पाच श्वास झाले आणि अंगठा वर. दुसऱ्या दिवशी ओठ थरथरायला लागले तसं प्रशिक्षकानेच बाहेर काढलं, मुलांना थंडी लवकर भरते.

तिसऱ्या दिवशी काठावर बसलेल्या वडिलांनी कौतुकाने अंगठा दाखवला. पोर गोंधळली आणि उभी राहिली. प्रशिक्षकाने त्यांना समजावलं, "काका, पाण्यात याचा अर्थ 'वर चला'. ठीक आहे म्हणायचं तर बोट आणि अंगठा जोडून गोल करा."

ती पुन्हा गुडघ्यांवर बसली. बुडबुड्यांची ओळ एकदाही तुटली नाही. काठावर वडील हाताचा गोल धरून बसले होते. ती वर बघेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.