‘तिला शाळेत बसवून काय उपयोग?’

“मॅडम, तिची मान सावरत नाही, बोलता येत नाही. शाळेत बसवून काय उपयोग? मुख्याध्यापकही म्हणतात, होम-बेस्ड घ्या, शिक्षक घरी येतील.”

तीव्र सेरेब्रल पाल्सी (सी.पी., म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणं) असलेल्या आठ वर्षांच्या मुलीची आई बोलत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) हा प्रश्न मला पालकांकडून सतत ऐकू येतो, आणि बहुतेकदा त्यामागे शाळेचा नकार असतो.

म्हणून आधी कायद्याचं बोलले. शिक्षण हक्क कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनुसार बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय आहे. तो निवडायचा हक्क मुलाचा. शाळेने तो गळ्यात मारायचा नसतो. 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदाही भेदभाव न करता प्रवेश द्या, लागेल तो आधार पुरवा, असंच शाळांना सांगतो. ‘आधी मुलगी थोडी सुधारू दे’ ही अट कुठेच नाही.

आई जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “पोरं बघत बसतील हो. लाळ गळते तिची.” एका लग्नात कुणीतरी “हिला कशाला आणलंत?” म्हणालं होतं, तेव्हापासून लेकीला घेऊन बाहेर पडणंच बंद झालं होतं. ‘लोकांकडे लक्ष देऊ नका’ असं मी पालकांना सांगत नाही. त्याने आई आणखी एकटी पडते. मी एवढंच विचारलं, “दिवसभरात तिच्या वयाचं कोण भेटतं तिला?”

“कुणीच नाही.”

पुढच्या आठवड्यात वर्गशिक्षिका, गटसाधन केंद्रातल्या (तालुक्यातल्या शाळांना मदत करणाऱ्या केंद्रातल्या) समावेशित शिक्षणाच्या विषयतज्ज्ञ आणि आई अशा आम्ही एकत्र बसलो. मानेला आणि पाठीला आधार देणारी सी.पी. चेअर मिळवली, मदतनीस भत्त्यासाठी अर्ज केला. सुरुवातीला रोज दोनच तास शाळा, आजी सोबत. खिचडी मऊ करून, तिला ताठ बसवून, लहान घासांनी भरवायची. घाई केली तर ठसका लागतो.

तिची उत्तरं डोळ्यांनी: नजर वर म्हणजे ‘हो’, डोळे मिटले म्हणजे ‘नाही’. प्रश्न विचारून मनात दहापर्यंत आकडे मोजायचे, हे बाईंना सांगितलं. त्यांना हे थांबणंच सगळ्यात जड गेलं. हजेरीला तिचं नाव आलं की अख्खा वर्ग थांबायचा. काही दिवसांनी शेजारची मुलगीच ओरडायला लागली, “बाई, तिने हो म्हटलं!” लाळेबद्दल मुलांनी एकदा विचारलं. तोंडाचे स्नायू तिचं ऐकत नाहीत, असं बाईंनी सांगितलं, आणि विषय संपला.

वडील अजून विचारतात, “पाढे येतात का?” ते आज सांगता येत नाही. पण पाढे येत नाहीत म्हणून बाकीच्या कुठल्या मुलाला आपण घरी बसवतो? तिच्या बसण्याला ही परीक्षा लावणं मला साफ नामंजूर आहे.

सगळं सुटलेलं नाही. व्हीलचेअर आत जाईल असं स्वच्छतागृह अजून नाही, म्हणून दोन तासांचे चार होत नाहीत. आणि तिसरीचा वर्ग वरच्या मजल्यावर भरतो. तो जूनपासून खाली आणावा, असा अर्ज आईने स्वतःच्या हाताने लिहून शाळा व्यवस्थापन समितीकडे दिला आहे.