आयरिश फिडल आणि व्हायोलिन वेगळं असतं का? आणि हाताने बनवलेल्याला एवढे पैसे का मोजायचे?

वाद्य एकच हो, वाजवायची पद्धत वेगळी. डब्लिनमध्ये 18व्या शतकात थॉमस पेरी नावाचा नामी कारागीर होता, तो व्हायोलिनच बनवायचा, लोक त्यावर काय वाजवतात ते लोकांनी ठरवायचं.

आता पैशाचं. व्हायोलिनची वरची पाटी स्प्रूस लाकडाची, मागची मेपलची, आणि लाकडाचा प्रत्येक तुकडा वेगळा, म्हणून कारागीर पाटी तासत जातो, मध्येच बोटाने ठोकून ऐकतो, हाताने वाकवून बघतो आणि साधारण 3 मिमी जाडीच्या आसपास कुठे थांबायचं ते त्या लाकडावरून ठरवतो, मशीन मात्र सगळ्यांना एकाच मापाने कापतं. तुकडे चिकटवायचा सरस पण जनावराच्या कातडीचा, कारण तो नंतर सोडवता येतो, म्हणजे 100 वर्षांनी पण रिपेअर होतं.

पण महाग तेच भारी असं अजिबात नाही हां! आयर्लंडच्या डोनेगल भागात फिरते कल्हईवाले-पत्रेवाले चक्क पत्र्याची फिडल बनवायचे, जॉन डोहर्टी हा तिथला मोठा वादक अशाच घराण्यातला. आवाज जरा दबका, पण गरिबाला परवडायची. नुकतंच शिकत असाल तर फॅक्टरीचं घ्या, फक्त ब्रिज (तारा ज्यावर टेकतात ती लाकडी घोडी) आणि आतली साउंडपोस्ट (दोन पाट्यांमधली छोटी लाकडी काडी) जाणकाराकडून नीट बसवून घ्या, निम्मा फरक तिथेच पडतो.