अनंतावर फोकस येत नाही म्हणून लेन्स खोलायला देऊ नका

तुमचा प्रश्न वाचून चहा गार झाला. काकांच्या स्टुडिओतली निकॉनची जुनी निक्कॉर 24 मिमी एफ/2.8 लेन्स, सोनीच्या फुल फ्रेम मिररलेस कॅमेऱ्यावर साध्या अडॅप्टरने, म्हणजे मधल्या जोडकड्याने, लावलेली. कासच्या पठारावर समोरचा तेरडा धारदार आणि मागची डोंगररांग मऊ, म्हणजे अनंतावर (फार लांबच्या वस्तूवर) फोकस येत नाही. वर दुकानदार म्हणतोय, लेन्स खोलून सर्व्हिसिंग करावं लागेल. हीच लेन्स, हेच दुखणं आणि हाच सल्ला माझ्याही वाट्याला आला होता, म्हणून जरा लांबण लावतो. मी मेकॅनिक नाही, हौशी आहे. चूकभूल द्यावी घ्यावी.

कॅमेऱ्याच्या मेनूत ‘लेन्सशिवाय शटर’ चालू करणं, थरथर कमी करणाऱ्या स्टेबिलायझरला हाताने 24 आकडा देणं वगैरे तुम्ही केलंच असणार, ते सोडतो.

सकाळी, हवा तापायच्या आत, अजिंक्यताऱ्यावरचा दूरदर्शनचा टॉवर धरा. एफ/2.8 ठेवा (लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं), ट्रायपॉड लावा, चित्र मोठं करून बघा. पीकिंगच्या (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीच्या) नादी लागू नका, इतक्या वाइड लेन्सवर ते अर्ध्या फ्रेमला रंग फासून मोकळं होतं. रिंग आडव्या आठाच्या खुणेपर्यंत, टोकाला न्या. तिथून किंचित मागे घेतल्यावर टॉवर स्वच्छ झाला, तर अडॅप्टर जाडीला कमी आहे. स्वस्तातले बरेचसे मुद्दामच तसे करतात, म्हणजे अनंत हुकत नाही. निकॉनने 1967 मध्ये याच 24 मिमीपासून फोकसबरोबर आतली भिंगं वेगळी सरकवायची पद्धत सुरू केली, त्यामुळे अशा अडॅप्टरवर कोपरे थोडे ढिले पडू शकतात. पण निभतं. उलट टोकापर्यंत चित्र सुधारत गेलं आणि रिंग तिथेच अडली, तर अडॅप्टर जाड आहे, नाहीतर आधी कुणीतरी लेन्समध्ये हात घातलाय. तुमच्या वर्णनावरून मला जाड अडॅप्टरचाच वास येतोय.

लेन्स बसते त्या कडेपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर निकॉनच्या जुन्या माउंटचं 46.5 मिमी, सोनीचं 18. म्हणजे अडॅप्टर 28.5 मिमी हवा. तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाने जरी जाड निघाला, तरी 24 मिमी लेन्सचा फोकस साधारण पावणेसहा मीटरच्या पुढे जातच नाही. 50 मिमी लेन्सला तेवढ्याच चुकीत 25 मीटरपर्यंत मुभा मिळते. उगाच कीस काढतोय म्हणू नका, माझे पैसे नेमके या हिशेबात गेलेत.

झालं असं, की एका मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या दुकानात मी लेन्स, अडॅप्टर, कॅमेरा असं सगळं घेऊन गेलो. काउंटरवरच्याने अडॅप्टरवर स्वतःची 50 मिमी चढवली, रस्त्यापलीकडच्या पाटीवर फोकस केला आणि सांगितलं, ‘अडॅप्टर ओके आहे साहेब, लेन्सची इन्फिनिटी आउट आहे.’ रस्ता पंधरा मीटरचाही नसेल, तेवढ्यावर जाड अडॅप्टरवरही 50 मिमी फोकस होणारच! लेन्स ठेवून घेतली. मग ‘पार्ट बघतोय’, ‘कारागीर गावाला गेलाय’, मग फोनच उचलत नाहीत. परत आली तेव्हा समोरच्या रिंगवर पकडीचे ओरखडे, नावाच्या अक्षरातला पांढरा रंग उडालेला, आणि पावतीवर एकच शब्द, सर्व्हिसिंग. काय केलं विचारलं तर ‘क्लीनिंग आणि अ‍ॅडजस्टमेंट’. टॉवर जेमतेम स्वच्छ दिसायला लागला, पण फ्रेमची डावी कड पुसट झाली, जी आधी नव्हती.

खरं निदान साताऱ्यातच झालं, एमआयडीसीतल्या एका टर्नरकडे, म्हणजे लेथवर काम करणाऱ्याकडे. त्याला फोटोग्राफीतलं ओ की ठो कळत नाही. त्याने अडॅप्टरच्या बसायच्या जागा फडक्याने पुसल्या, बयोनेटचे (लेन्स अडकवायचे) दात टाळून सपाट कडेवर 25 ते 50 मिमीचा मायक्रोमीटर लावला आणि चार ठिकाणी माप घेतलं. तीन ठिकाणी 28.60, एका ठिकाणी 28.63. ‘हे तिरकं पण आहे की,’ म्हणाला. पैसे घेतले नाहीत. म्हणून म्हणतो, आधी अडॅप्टर मोजून घ्या. वर्कशॉप ओळखीचं नसेल तर गावातल्या जुन्या स्टुडिओवाल्याच्या कपाटात निकॉनचा फिल्मवाला बॉडी हमखास पडून असतो. लेन्स त्यावर लावून व्ह्यूफाइंडरमधून टॉवर बघा. टोकाला स्वच्छ दिसला तर लेन्स निर्दोष समजा. (बॉडीतला, व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र उमटवणारा स्क्रीनच हललेला असू शकतो, म्हणून जमल्यास दोन बॉडींवर बघा.)

अडॅप्टर जाड निघाला तर परत करून दुसरा घ्या. लेथवर घासून घ्यायचा मोह होतो, पण दोन्ही बाजू समांतर राहायला हव्यात आणि बुरादा कॅमेऱ्यात जाता कामा नये. माझ्या मते त्या भानगडीत पडू नये. पाठवायच्या आधी मोजतानाचा फोटो काढून ठेवा, विक्रेते ‘युजर एरर’ म्हणायला टपलेले असतात. आणि एफ/8 लावून, म्हणजे छिद्र लहान करून, ‘आता बरं दिसतंय’ म्हणत बसू नका, त्यात दोष लपतो, जात नाही.

कासचं म्हणाल तर ही लेन्स 30 सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाही. सीतेची आसवं तेवढ्यावरून ठिपक्याएवढी येतात. म्हणून लोक लेन्स खुपसत वाट सोडून आडवे होतात आणि खालचा ताटवा चिरडतात, ते बघून डोकं फिरतं. मोठा गेंद वाटेच्या कडेला मिळतो, त्यावर भागवा.

पावसाळ्यात काकांचं ते चामडी केस वापरू नका, बुरशीला आयतं घर मिळतं. झाकण घट्ट बसणारा डबा आणि सिलिका जेल पुरे. हूडचं (लेन्सवर आडवा प्रकाश येऊ न देणाऱ्या कड्याचं) तुम्ही विचारलंय: निकॉनचा एचएन-1 बघा, 52 मिमीच्या आट्यांवर बसतो. 50 मिमीसाठीचा लांब हूड लावलात तर कोपरे काळे येतील.