जुना फौजी ट्रक घ्यायचाय? आधी आरसी बघा

जुना फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारा ट्रक घ्यायचा, त्यावर राहण्याजोगं घर बांधायचं आणि डांबर संपतं तिथून पुढे जायचं, हे वेड आता सोलापुरातही चांगलंच रुजलंय. त्याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतोय. बहुतेकांची सुरुवात 'सगळ्यांत दणकट ट्रक कुठला?' इथून होते. लष्करासाठी बांधलेले ट्रक दणकटच असतात, त्यात निवड करण्यासारखं फार नाही. आधी कागद, मग वजन, मग सुटे भाग, या क्रमाने बघा.

जुळे सोलापूर : लवकरच निवृत्त होतोय. आम्हा दोघांना स्पीती, लडाख, कच्छ निवांत फिरायचंय. लिलावातला अशोक लेलँडचा फौजी ट्रक स्टॅलियन स्वस्तात मिळतो म्हणतात. घ्यावा का सर?

स्वस्तात मिळतो, कारण बऱ्याचदा तो भंगार म्हणून विकलेला असतो. सैन्याच्या गाडीला आरटीओचा नंबर नसतो, बाणाची खूण असलेला लष्करी नंबर असतो. लिलावाच्या कागदावर लॉट 'स्क्रॅप' म्हणून गेला असेल, तर इंजिन कितीही गोड वाजत असलं तरी ती गाडी तुमच्या नावावर रस्त्यावर येणार नाही. सरकारी मालकीच्या १५ वर्षांपुढच्या गाड्यांच्या नोंदणीचं नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद आहे. संरक्षणाच्या कामातल्या विशेष गाड्यांना त्यातून सूट आहे, पण ती त्या कामापुरती. गाडी तुमच्याकडे आली की सूट सोबत येत नाही.

म्हणून तुम्ही लिलावाच्या नादी लागू नका. ज्या ट्रकची मुलकी नोंदणी आधीच झालीय, आरसी चालू आहे, असाच शोधा. नंबर परिवहनच्या पोर्टलवर टाकून मालक, वर्ग, फिटनेस आणि कर्जाचा बोजा बघा. मग चॅसीवरच्या नंबराची स्वतः पेन्सिल प्रिंट काढा. नंबराची जागा घासून पॉलिश कागदाने साफ करायची, वर पातळ कागद धरायचा आणि पेन्सिल आडवी फिरवायची. अक्षरं एका ओळीत, एका उंचीची आणि आरसीशी जुळणारी हवीत. आजूबाजूला वेल्डिंगचा डाग किंवा ग्राइंडरचे ओरखडे दिसले तर चहा घ्या आणि परत या.

आता वापराचा भाग. आरसीवर मालवाहू ट्रक असेल आणि तुम्ही मागे पलंग, ओटा, संडास बसवला, तर तो बदल झाला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी गाडी करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. चालत्या घरासाठी 'मोटर कॅरॅव्हॅन' असा वेगळा प्रकार आहे आणि त्याचं मानक एआयएस-१२४. म्हणून बयाणा देण्याआधी आरटीओत जाऊन या विशिष्ट गाडीचा वर्ग बदलता येईल का, हे लेखी विचारा. तोंडी 'होऊन जाईल' यावर लाखो रुपये टाकू नका. अपघात झाला की विमा कंपनी पहिल्यांदा आरसी मागते.

आणि दोघांसाठी स्टॅलियन हवाच कशाला? रानात ५ टन आणि रस्त्यावर साडेसात टन वाहायला केलेली गाडी आहे ती. दोन माणसांचा संसार त्यात हरवून जाईल आणि डिझेल मात्र पूर्ण गाडीचं लागेल.

बार्शी : शक्तिमान, स्टॅलियन, टाटा ७१३ आणि जुना निस्सान वन टन, हे चार डोळ्यासमोर आहेत. निवडायचा कुठला?

चारही जबलपूरच्या कारखान्यांतून सैन्यात गेलेले. शक्तिमान म्हणजे जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्यावर १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून बनत आलेला ट्रक. त्याच्याबद्दल मला फार आदर आहे. डोंगरातली कित्येक ठाणी त्याच्यावर जगली. पण त्याचं उत्पादन १९९०च्या दशकात थांबलं. पुढच्या हाउसिंगचा, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या आसाचा, एखादा भाग गेला तर तुम्ही जुन्या बाजारात फिरत बसाल. जतन करायला घ्या, लांबच्या प्रवासाला नको. निस्सान वन टन पेट्रोलवर चालतो, एवढं सांगून पुढे जातो.

खरी निवड उरते ती टाटा एलपीटीए ७१३ आणि स्टॅलियन यांच्यात. टाटाच्या नावातच हिशेब असतो : ७ म्हणजे साधारण एकूण टन आणि १३ म्हणजे साधारण १३० अश्वशक्ती. अडीच टनी वर्गातला हा ट्रक दोन-तीन माणसांच्या घराला नेमका बसतो. खेड्यातल्या रस्त्यावर वळतो, रेल्वेच्या पुलाखालून जातो. त्याचं इंजिन टाटाच्या रस्त्यावरच्या ट्रकांच्याच घराण्यातलं, त्यामुळे पंपवाला असो की नोझलवाला, सोलापुरात तो त्याला परका नाही. स्टॅलियनचं इंजिनही अशोक लेलँडच्या हिनो घराण्यातलं, त्याचीही अडचण नाही. दोन्हींत अडतं ते पुढच्या अर्ध्या भागात, म्हणजे ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी), पुढचा डिफरन्शिअल आणि चाकाजवळचे जॉइंट. हे भाग रस्त्यावरच्या ट्रकांत नसतातच, म्हणून अक्कलकोट रोडच्या दुकानांत ते सहज मिळायचे नाहीत. गाडी घेतानाच ट्रान्सफर केसचा एक जुना संच, पुढच्या चाकांची सीलं आणि बेअरिंगं मिळवून ठेवा. मालक गाडीसोबत हे देत असेल तर भावात थोडं वर जायला हरकत नाही.

माझं मत टाटा ७१३ला. चार माणसांहून मोठं कुटुंब असेल किंवा सोबत दुचाकी न्यायची असेल, तरच स्टॅलियन.

पंढरपूर : भावाकडे टाटा १६१३ उभा आहे, टू-व्हील ड्राइव्ह. फौजी गाडीचं पुढचं हाउसिंग आणून तोच फोर-बाय-फोर करता येईल ना?

करू नका. पुढच्या आणि मागच्या हाउसिंगचं क्राऊन-पिनियनचं, म्हणजे आतल्या दातेरी चाकांचं, गुणोत्तर तंतोतंत जुळावं लागतं. थोडाही फरक असला की चारही चाकं एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केस फुटतो. गाडी उचलावी लागते, शाफ्टचे कोन बिघडतात, स्टिअरिंगचे रॉड नव्याने बसवावे लागतात, आणि एवढं करून कलम ५२ आडवं येतंच. घाटात ब्रेकवर आणि स्टिअरिंगवर जीव असतो, तिथे असं जुगाडकाम नको.

भावाचा १६१३ आहे तसाच घ्या. कच्छ, कोकण, स्पीतीचा उन्हाळ्यातला मुख्य रस्ता, इथे मागची दोन चाकं, चांगले टायर आणि समजूतदार ड्रायव्हर पुरतो. एक गैरसमजही दूर करतो : मोठ्या टिपरवर 'सिक्स-बाय-फोर' लिहिलेलं असतं, त्यात पुढची चाकं ओढत नाहीत. तो ऑल-व्हील ड्राइव्ह नव्हे.

मंगळवेढा : ट्रक बघायला जाताना मेकॅनिक सोबत नेणार आहेच. तरी मी स्वतः काय बघू?

इंजिन थंड असताना पोचा. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा जा. चालू इंजिनावर तेल भरायचं झाकण उघडून वर तळहात धरा. थोडी वाफ चालेल. भकाभका धूर येऊन झाकण उडायला बघत असेल तर रिंगा आणि लायनर गेलेत. जोर दिल्यावर काळा धूर आला तर नोझल-पंप किंवा एअर फिल्टर, तो खर्च आटोक्यातला. गरम झाल्यावरही निळा धूर टिकला तर इंजिन तेल खातंय. पांढरा धूर थांबतच नसेल तर पाण्याची टाकी उघडून तेलाचा तवंग आहे का बघा, पण इंजिन गार झाल्यावरच.

मग खाली झोपा. पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला गोल हाउसिंग असतं, तिथून ग्रीस-तेल टपकून मातीचा चिकट थर बसला असेल तर सील गेलंय. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून, फोर-व्हील टाकून, मोकळ्या मातीत अगदी सावकाश चालवा. 'टक् टक् टक्' आवाज आला तर आतला जॉइंट झिजलाय, आणि तोच सुटा भाग मिळवायला जीव जातो. हे डांबरावर करू नका. अशा बहुतेक गाड्यांत पुढचं-मागचं थेट जोडलं जातं आणि वळताना शाफ्टवर पीळ बसतो. तुमच्याकडच्या काळ्या रानात परतीच्या पावसानंतर घेऊन गेलात तर ट्रकचं खरं रूप एका फेरीत कळेल. लो गिअर लागतो का आणि, हे बरेचजण विसरतात, सहज सुटतो का, तेही तिथेच बघा.

शेवटी तुळजापूरचा घाट चढवा. वर पोचल्यावर तापमानाचा काटा कुठे आहे बघा, आणि उतरताना ब्रेक तापून वास येतो का.

अक्कलकोट रोड एमआयडीसी : मी ट्रकच्या बॉड्या बांधतो. एका गिऱ्हाइकाला फौजी चॅसीवर पफ पॅनेलचं, म्हणजे मधे फोम भरलेल्या पॅनेलचं, घर हवंय. नेहमीसारखं यू-बोल्टने बांधू का?

तुमचा प्रश्न आला याचा फार आनंद झाला, कारण सगळ्यांत जास्त नुकसान इथेच होतं. या ट्रकांची चॅसी मुद्दाम पिळली जाईल अशी केलेली असते. पुढचं डावं चाक दगडावर चढलं आणि मागचं उजवंही उचललं गेलं की चॅसीचे दोन्ही लांब मेंबर, म्हणजे बाजूचे दांडे, वेगवेगळ्या दिशेने झुकतात. त्यामुळेच चारही चाकं जमिनीला धरून राहतात. मालाची लाकडी-पत्र्याची बॉडी या पिळासोबत हलते, फळ्या करकरतात, एवढंच. पफ पॅनेलचं घर मात्र काडेपेटीसारखं ताठ असतं. ते यू-बोल्टने चॅसीला जखडलं तर कोपऱ्यांत चिरा पडतात, दार अडकतं, किंवा घर टिकतं आणि चॅसीच तडकते.

उपाय असा, की घराखाली स्वतंत्र सबफ्रेम, म्हणजे वेगळी चौकट, करायची आणि ती चॅसीवर मोजक्या ठिकाणी, फिरत्या जोडावर टेकवायची. एका पद्धतीत मागे दोन जोड आणि पुढे मधोमध एक फिरता जोड. दुसरीत चार जोड : पुढे आणि मागे मध्यरेषेवर एकेक, आणि गाडीच्या मध्यभागी डावीकडे-उजवीकडे एकेक. तिसरी पद्धत स्प्रिंगांची. मागचा भाग पक्का बांधायचा आणि पुढच्या बाजूला दाबलेल्या स्प्रिंगा बसवायच्या, म्हणजे चॅसी पिळली की सबफ्रेम तेवढी उचलली जाते. पहिल्यांदाच करत असाल तर तिसरी निवडा. चूक झाली तरी ती सुधारायला सोपी आणि सामान तुमच्या शेडमध्येच आहे.

चॅसीवर वेल्डिंग नको. मेंबरच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक नको. उभ्या भागातली मूळ भोकं वापरा, बोल्ट ८.८ ग्रेडचे किंवा त्याहून वरचे. केबिनमधून मागच्या घरात जायला खिडकी मागतील, तर तिथे रबरी घडीचा जोड लागेल, कारण केबिन आणि घर वेगवेगळं हलतं. पोचवण्याआधी एक चाचणी घ्या : पुढचं एक आणि तिरकं समोरचं मागचं चाक लाकडी ठोकळ्यांवर चढवा, सगळीकडची फट मोजा, दार उघडून बंद करा. दार घासलं नाही तर काम जमलं. डाळिंबासाठी थंड कंटेनर बांधणारे कारागीर आपल्या भागात आहेत. पॅनेलचे सांधे चिकटवायचं काम त्यांच्याकडून करून घ्या.

होटगी रोड : वजनाचा अंदाज कसा बांधायचा? लायसन्स कुठलं लागेल?

पाणी लिटरला एक किलो, डिझेल साधारण ८४० ग्रॅम. ३०० लिटर पाणी आणि ३०० लिटर डिझेल म्हणजे साडेपाचशे किलो गेलेच. त्यावर घर, बॅटऱ्या, स्टेपनी, जॅक, माणसं. मार्केट यार्डाजवळच्या वजनकाट्यावर रिकामी चॅसी तोला. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची, मग पूर्ण. बांधून झाल्यावर पुन्हा तसंच. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचं हाउसिंग ओव्हरलोड निघतं, कारण सगळे पाण्याची टाकी शेपटाकडे बसवतात. टाकी दोन चाकांच्या मधे घ्या.

लायसन्सची रेषा साडेसात टन एकूण वजनावर आहे. तिथपर्यंत हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं. आरसीवरचा आकडा बघा, विकणाऱ्याच्या तोंडचा नको.

दमाणी नगर : युरोपात मर्सिडीज ९११, मॅगिरस असे जुने ट्रक वापरतात. तसा एखादा आणता येईल का?

नाही. जुनी गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या स्टिअरिंगची लागते. तिकडे हे ट्रक अग्निशमन दलाकडून निघतात, फार कमी धावलेले असतात आणि जर्मनीत ३० वर्षांवरच्या गाडीला सवलतीची नंबरप्लेटही मिळते. ती सोय त्यांची, आपली नव्हे.

अक्कलकोट : मागे जोडटायर ठेवू की सिंगल? आणि लडाखच्या उंचीवर जुनं इंजिन चालेल का?

वाळूत आणि चिखलात सिंगल बरा, कारण मागचं चाक पुढच्याच चाकोरीतून जातं, आणि जोडटायरमध्ये दगड अडकून साइडवॉल फाटते. पण टायर असा निवडा की हायवेवरच्या ट्रकवाल्याकडे मिळेल. लॉक रिंगवाल्या (टायरला धरून ठेवणारी सुटी लोखंडी रिंग असलेल्या) चाकात हवा भरताना पिंजरा नसेल तर पंक्चरवाल्याला थांबवा आणि स्वतःही समोर उभे राहू नका. ती रिंग सुटली तर माणूस जातो.

उंचीचं म्हणाल तर साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. लडाखमधली उमलिंग ला ही खिंड ५,७९८ मीटरवर आहे. टर्बो नसलेलं इंजिन तिथे काळा धूर ओकतं आणि दम टाकतं. टर्बोवालं बरंच सावरतं. म्हणून एकाच भावात दोन ट्रक असतील तर टर्बोचा घ्या. जुन्या मेकॅनिकल पंपाला सेन्सर नाही, ॲडब्लू (नव्या डिझेल गाड्यांचा धूर साफ करणारं द्रावण) नाही, ही मोठी सोय. हिवाळ्यात मात्र साधं डिझेल मेणासारखं गोठतं. लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल २०१९ पासून मिळतं, टाकी रिकामी करून तेच भरा.

जाताना दिल्लीच्या वाटेला जाऊ नका. जुन्या डिझेल गाड्यांबद्दल तिथले नियम कडक आहेत आणि बदलत असतात. आपल्या दारातून जाणारा ५२ क्रमांकाचा महामार्ग धुळे, इंदूर, कोटा, जयपूर, हिसार करत थेट पंजाबातल्या संगरूरला पोचतो.