रक्त नॉर्मल आले, तरी गोळी का थांबवायची नाही?

प्रश्न : माझे वडील ५४ वर्षांचे आहेत. थकवा आणि डाव्या बरगडीखाली जडपणा एवढीच तक्रार होती, पण रक्तात पांढऱ्या पेशी १ लाख ८० हजार निघाल्या. डॉक्टरांनी ‘सीएमएल’ हा रक्ताचा कर्करोग सांगून इमॅटिनिबची रोज एक गोळी सुरू केली. तीन महिन्यांत रक्त नॉर्मल आले. आता वडील म्हणतात, बरा झालो, गोळी कशाला? काय करावे?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : गोळी कृपया एक दिवसही चुकवू देऊ नका. पांढऱ्या पेशी साधारणपणे ४ ते ११ हजार असतात. त्या आटोक्यात आल्या, हे उपचार लागू पडत असल्याचे लक्षण आहे. रोग गेल्याचे नव्हे.

या आजारात अस्थिमज्जेतील एका मूळपेशीत ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात. त्यातून आखूड झालेले २२वे गुणसूत्र १९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात प्रथम दिसले, म्हणून त्याला त्या शहराचे नाव मिळाले. या अदलाबदलीतून ‘बीसीआर-एबीएल’ हे जोडजनुक तयार होते आणि त्याचे प्रथिन पेशींना सतत वाढण्याचा आदेश देत राहते. वाढलेल्या पेशी डाव्या बरगडीखालच्या पांथरीत (प्लीहेत) साठतात. वडिलांना जाणवणारा जडपणा बहुधा तिचाच असावा. इमॅटिनिब त्या प्रथिनाचे काम रोखते, परंतु बिघडलेल्या मूळपेशी मज्जेत शिल्लक राहतात आणि गोळी सुटली की पुन्हा डोके वर काढू शकतात.

म्हणूनच रक्तपेशी मोजणाऱ्या साध्या सीबीसी तपासणीवर समाधान मानू नका. रक्तात बीसीआर-एबीएल किती उरले आहे, हे मोजणारी पीसीआर तपासणी सुरुवातीला दर तीन महिन्यांनी, शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावी. तिसऱ्या महिन्यात हे प्रमाण १० टक्क्यांच्या आत आणि वर्षअखेर ०.१ टक्क्यापर्यंत यावे, अशी अपेक्षा असते. तसे झाले नाही, तर वडील गोळ्या नियमित घेतात का, हे डॉक्टर आधी विचारतील. मग जनुकातील बदल तपासून डॅसॅटिनिब किंवा निलोटिनिबसारखे औषध देता येते.

गोळी जेवणासोबत आणि पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी. सकाळी पापण्या सुजणे, रात्री पोटऱ्यांत गोळे येणे हे त्रास बरेचदा होतात. ते सांगितले तर उपाय करता येतात, मात्र त्यांना कंटाळून रुग्ण परस्पर मात्रा कमी करतात, हे मला फार काळजीचे वाटते. इतर कोणतेही औषध, काढासुद्धा, डॉक्टरांना विचारूनच द्यावा.

गोळी कायमचीच का, हा वडिलांचा प्रश्न रास्त आहे. अनेक वर्षे उपचार झाले आणि पीसीआर दीर्घकाळ अत्यंत खालच्या पातळीवर राहिली, तर निवडक रुग्णांत दरमहा तपासणीच्या देखरेखीखाली ती थांबवून पाहतात. त्यांतील जवळपास निम्म्यांना ती पुन्हा सुरू करावी लागते आणि बहुतेकांचा आजार परत आटोक्यात येतो. तीन महिन्यांनंतर हा विचार करण्याची वेळ मात्र आलेली नाही.

ल्युकेमियाचे, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचे, सगळे प्रकार असे संथ नसतात. ताप, हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग आणि झपाट्याने वाढणारा फिकटपणा ही तीव्र प्रकाराची लक्षणे असू शकतात. तिथे दिवसांचाही उशीर परवडत नाही आणि केमोथेरपी लागते. आपल्या वडिलांचा आजार त्यातला नाही. पुढच्या भेटीला त्यांना बरोबर न्या, पीसीआरचा आकडा त्यांच्यासमोरच वाचून घ्या आणि तो वहीत तारखेसह त्यांच्याच हातून लिहवून घ्या.